पाचव्यांदा तीच तबकडी

एकच वस्तू माणसाने आयुष्यात किती वेळा विकत घ्यावी, याला काही धरबंध असावा असं माझं प्रामाणिक मत आहे. छत्री पुन्हा पुन्हा घ्यावी लागते, कारण ती लोकलमध्ये राहते. चष्मा घ्यावा लागतो, कारण त्यावर आपणच बसतो. पण जी वस्तू हरवली नाही, मोडली नाही, कपाटात धडधाकट उभी आहे, तीच पाचव्यांदा विकत घ्यायला निघालेल्या माणसाला काय म्हणावं? आमच्या घरात त्याला 'अहो' म्हणतात. मात्र म्हणण्याचा सूर निराळा असतो.

ही वस्तू म्हणजे 'द डार्क साइड ऑफ द मून'. पिंक फ्लॉइड नावाच्या इंग्लिश वाद्यवृंदाची ही रॉक संगीताची तबकडी मार्च १९७३ मध्ये निघाली. मी ती पुढच्या वर्षी, बँकेतल्या पहिल्या पगारात, काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून आणली. (हे दुकान २०१६ साली बंद झालं. तिथल्या छोट्या खोल्यांत रेकॉर्ड आधी ऐकायला मिळे. चार ऐकून एकही न घेता बाहेर पडण्याची कला आम्ही गिरगावकरांनी चांगलीच आत्मसात केली होती.) तबकडी दमदमच्या कारखान्यात दाबलेली होती आणि वेष्टन काळं कुळकुळीत. त्यावर काचेचा एक लोलक, एका बाजूने पांढरा किरण आत शिरतोय आणि दुसऱ्या बाजूने रंगांचा पट्टा बाहेर पडतोय. वडील शाळेत विज्ञान शिकवत. म्हटलं, चला, निदान वेष्टन तरी यांच्या विषयातलं आहे. त्यांनी ते हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला, बोटाने रंग मोजले आणि म्हणाले, "तानापिहिनिपाजा. यात पारवा नाही."

खरंच नव्हता. सहाच रंग आहेत. जगभर कोट्यवधी लोकांनी ही तबकडी घेतली. अमेरिकेच्या 'बिलबोर्ड'च्या पहिल्या २०० तबकड्यांच्या यादीत ती १९७३ ते १९८८ या काळात ७४१ आठवडे होती. पण गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत तिची नोंद 'पारवा नसलेली' अशीच झाली.

तबकडी सुरू होते ती हृदयाच्या ठोक्यांनी. आईला वाटलं, वरच्या मजल्यावर कुणी दाण्याचं कूट करतंय. पुढे एक गाणं आहे, त्याच्या आरंभी शांतता असते आणि मग एकदम पाचपन्नास घड्याळं गजर करून उठतात. ही घड्याळं अ‍ॅलन पार्सन्स या ध्वनिमुद्रकाने एका जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन, एकेक करून टिपली होती. गिरगावच्या चाळीला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मी रात्री दहाला एच.एम.व्ही.चा फिएस्टा जरा मोठ्याने लावला, घड्याळं वाजली आणि शेजारचे काका, जे गिरणीत पहिल्या पाळीला जात, ते उठून दात घासायला लागले. तोंड धुऊन शर्ट चढवेपर्यंत त्यांना कुणी थांबवलं नाही. नंतर पुष्कळ दिवस ते माझ्याशी बोलत नव्हते.

ही झाली पहिली खरेदी. आता या तबकड्या पुन्हा पुन्हा विकण्याचा इतिहास पाहिला, तर आपण काही एकटेच खुळे नाही हे कळून बरं वाटतं. कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी एल.पी. १९४८ साली आणली, तेव्हा लोकांनी जुन्या जड तबकड्यांवरचंच संगीत पुन्हा घेतलं. दहा वर्षांत स्टिरिओ आला, पुन्हा घेतलं. फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट काढली. माझी दुसरी खरेदी कॅसेटचीच, कारण तबकडी पंचमीच्या चंद्रासारखी वाकली होती. (चूक माझीच. गॅलरीत उन्हात राहिली.) ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात सी.डी. आली. पहिली तबकडी बिली जोएलची, आणि तीही नवी नव्हे, १९७८ सालची! म्हणजे नव्या युगाचा आरंभच शिळ्या कढीला ऊत आणून झाला. उत्तम आवाज, तोही कायमचा, अशी सी.डी.ची जाहिरात होती. 'कायमचा' या शब्दावर विश्वास ठेवून मी ती घेतली. खरेदी तिसरी.

मग १९९९ मध्ये सोनी आणि फिलिप्सने सी.डी.हून श्रेष्ठ अशी सुपर ऑडिओ सी.डी. काढली. कायमच्या उत्तमाहूनही उत्तम काहीतरी असतं, हे तोवर माहीत नव्हतं. आमची तबकडी त्या रूपात २००३ साली, तीस वर्षं झाल्याचं निमित्त करून निघाली. सिंगापूरला गेलेल्या मेव्हण्याकडून मी मुद्दाम मागवली. घरी लावली, डोळे मिटले आणि सौ.ला म्हटलं, "फरक बघ." तीन वर्षं मी येईल त्या पाहुण्याला तो फरक ऐकवला. पाहुण्यांनीही मान डोलावली. पुढे चिरंजीवांनी शांतपणे उलगडा केला की त्या तबकडीत दोन थर असतात. वरचा साधी सी.डी. आणि आतला तो श्रेष्ठ आवाजाचा. आपलं यंत्र साधं, त्यामुळे ते फक्त सी.डी.चाच थर वाचतं. तीन वर्षं मी ज्या फरकाने रोमांचित होत होतो, तो फरक खोक्यातून बाहेरच आला नव्हता.

असा पूर्वेतिहास असलेल्या माणसासमोर आता पाचवा प्रश्न आला. पन्नास वर्षं झाली म्हणून २०२३ मध्ये त्याच तबकडीचा नवा पेटारा निघाला, आणि शिवाय २४ बिटांच्या फाइली घरबसल्या विकत मिळतात. घ्याव्या की न घ्याव्या?

चिरंजीव पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत. त्यांनी मला हिशेब समजावला. साध्या सी.डी.त आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात. नमुन्यांच्या निम्म्या आकड्यापर्यंतचा सूर त्यातून परत उभा करता येतो, म्हणजे साधारण २२,००० हर्ट्‌झपर्यंत. तरुण माणसाच्या कानाची धाव २०,०००पर्यंत. नव्या फाइलीत नमुने असतात १,९२,०००, म्हणजे ती ९६,०००पर्यंतचे सूर वाहून आणू शकते. हे सूर वटवाघळांना ऐकू येतात. आमच्या सोसायटीच्या पिंपळावर बरीच वटवाघळं आहेत, पण त्यांच्यासाठी मी पदरमोड का करावी? शिवाय १९७३ सालचे मायक्रोफोन माणसांच्या कानांच्या हिशेबाने केलेले. मुळात जे विहिरीत नाही, ते पोहऱ्यात कुठून येणार?

त्यातून माझा स्वतःचा पोहरा गळका. सत्तरी ओलांडल्यावर कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आलेख काढला. ४,००० हर्ट्‌झनंतर आलेख सह्याद्रीच्या कड्यासारखा खाली कोसळलेला. डॉक्टर म्हणाले, "वयाच्या मानाने छान आहे." डॉक्टर हे नेहमी कुठल्या मानाने म्हणतात, ते नीट ऐकावं.

बरं, तरुण कानांची तरी काय कथा? मेयर आणि मोरान या दोघा अमेरिकनांनी २००७ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. एकदा श्रेष्ठ आवाज थेट ऐकवायचा, एकदा तोच सी.डी.च्या मापातून गाळून. ओळखा कुठला कुठला! ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी एवढं जमलं असतं. पुढे २०१६ मध्ये लंडनच्या एका प्राध्यापकांनी अशा अनेक चाचण्या एकत्र करून बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के काढलं. म्हणजे अगदीच काही नाही असं नाही. पण अडीच टक्क्यांसाठी आम्ही बँकेत मुदतठेवसुद्धा हलवत नसू.

मग नव्या आवृत्तीत कधी कधी खरोखरच निराळं ऐकू येतं, ते काय? ते बहुतेक वेळा बिटांचं नव्हे, हाताचं असतं. तबकडी छापण्याआधी कुणीतरी मूळ टेप समोर ठेवून शेवटचा हात फिरवतो. काय चढवायचं, काय उतरवायचं हे तो ठरवतो. त्याला मास्टरिंग म्हणतात. तो माणूस रसिक असेल तर साधी सी.डी.ही सुरेख लागते. पण नव्वदीपासून एक साथ आली, सगळंच मोठ्याने करण्याची. हळू जागा उचलून वर आणायच्या आणि मोठ्या जागांची शेंडी छाटायची. मेटॅलिका या चमूची २००८ सालची तबकडी इतकी ठासून भरली होती की खुद्द चाहत्यांनीच तक्रारअर्ज केला. पानात वरण, कोशिंबीर, श्रीखंड सगळ्यालाच मिसळीची फोडणी दिली तर जेवणाऱ्याने करायचं काय? म्हणून कुठली आवृत्ती घ्यावी असं कुणी विचारलं, तर मी आकडे विचारत नाही, हात कुणाचा ते विचारतो. आणि मग घरी असलेली जुनी सी.डी.च बरी निघते, हा अनुभव.

एवढं कळूनही मन ऐकत नाही, याचंही एक जागतिक उदाहरण आहे. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी मूळ टेपवरून महागड्या एल.पी. काढते. डिजिटलचा स्पर्शही न झालेला शुद्ध आवाज म्हणून दर्दी लोक त्या घेत आणि त्यातल्या 'ऊबे'वर पानंच्या पानं लिहीत. २०२२ साली बाहेर आलं की कित्येक वर्षं मध्ये एक डिजिटल पायरी होती. कोर्टकचेरी झाली. देवगडचा हापूस म्हणून वर्षानुवर्षं कर्नाटकचा आंबा मिटक्या मारत खाल्लेल्या सगळ्यांना या दर्दी लोकांचं दुःख समजेल. माझे तर सिंगापूरच्या तबकडीपासून ते सख्खे भाऊच.

पण एका बाबतीत माझं मन अडतं. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन मुंबईला आला होता. 'वंडरवॉल' चित्रपटाचं संगीत त्याने फोर्टातल्या एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत आपल्या वादकांकडून वाजवून घेतलं. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया असे वादक. स्टिरिओ टेपयंत्र मुंबईत नव्हतं. भास्कर मेनन यांनी ते कलकत्त्याहून रेल्वेने आणवलं. (हेच मेनन १९७१ मध्ये अमेरिकेत कॅपिटल कंपनीचे प्रमुख झाले, आणि आमच्या पारवा नसलेल्या तबकडीला तिथे एवढं गिऱ्हाईक मिळालं त्याचं बरंच श्रेय त्यांना देतात. एका मल्याळी माणसामुळे आख्खी अमेरिका ती घड्याळं ऐकून दचकली.) हॅरिसनने नंतर सांगितलं आहे की स्टुडिओत रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज शिरे, आणि संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावर पावलांचा इतका धडधडाट होई की मुद्रण थांबवावं लागे. त्या वेळी फोर्टात कचेरी सुटून धावत सुटणाऱ्या लोकांत आमचे एक काका होते. ६८ सालच्या फोर्टातला एखादा हॉर्न त्या टेपवर असेल आणि २४ बिटांत तो ऐकू येणार असेल, तर मात्र मी मुदतठेव मोडेन.

कारण माझ्याकडे एक तसली टेप आहे. पाच खरेद्यांच्या हिशेबात ती धरलेली नाही. ती घरगुती आहे.

मामांनी १९७९ मध्ये कुवेतहून टू-इन-वन आणला. एल.पी. तेव्हा वाकायची होती. फिएस्टाला जोडायची वायर नव्हती, म्हणून टू-इन-वन समोर ठेवून, त्याच्याच मायक्रोफोनने ती तबकडी कोऱ्या कॅसेटवर उतरवायची ठरलं. चाळीस मिनिटं घरात कुणी शिंकायचं नाही, अशी मी ताकीद दिली. आईने स्टोव्हही बंद ठेवला. ताकीद फक्त वडिलांना नव्हती, कारण ते शिकवणीला गेले होते. घड्याळांचा गजर संपता संपता दार उघडतं, चपला काढल्याचा आवाज येतो आणि वडील विचारतात, "आता खरे वाजले किती?" आई दबक्या आवाजात, "साडेनऊ. शूऽऽ." मग वडील आणखी दबक्या आवाजात, "मग यांची घड्याळं चुकलीत." पुढे गाणं चालू.

पिंक फ्लॉइडने त्या तबकडीत अधूनमधून साध्या माणसांचे बोलण्याचे तुकडे पेरले आहेत. स्टुडिओतल्या लोकांना प्रश्नांची कार्डं दाखवून उत्तरं मुद्रित केली. पॉल मॅकार्टनीनेही उत्तरं दिली होती, ती वापरली नाहीत. स्टुडिओच्या आयरिश दरवानाचा आवाज मात्र तबकडीच्या अगदी शेवटी राहिला. हे मी बऱ्याच वर्षांनी वाचलं. तोवर वडील गेले होते. १९८१. आमच्याकडे त्यांचे फोटो सात-आठ आहेत. आवाज एवढाच.

गेल्या महिन्यात चिरंजीव घरी आले, तेव्हा त्यांना ती कॅसेट दिली. म्हटलं, टेप आता पापडासारखी झालीय, तुटायच्या आत कॉम्प्युटरवर उतरव. नव्या फाइलींचं नंतर बघू. त्यांनी कुठूनसं एक कॅसेटयंत्र मिळवलं, वायर जोडली आणि विचारलं, "बाबा, कितीवर करू? हा टू-इन-वनचा माइक आहे, यात दहा हजारांच्या वर काही नसणार. सी.डी.चं माप भरपूर झालं. उगाच जागा खातं."

म्हटलं, "सगळ्यात वरचं कुठलं आहे?"

"२४ बिट, १९२."

"त्यावर कर."