साहेबाचा ओटा

विजयदुर्गाच्या सहली विकणाऱ्या एका सद्गृहस्थांनी मला 'मित्रा' म्हणत व्हॉट्सअ‍ॅपच्या पाच ग्रुपांत घातले आहे. तोंडओळखसुद्धा नाही. रोज सकाळी पाचही ठिकाणी एकच निरोप : '१८६८ साली लॉकयरसाहेबाने किल्ल्यातल्या याच ओट्यावरून हेलियम शोधला. खोली आजच राखून ठेवा!'

आता १८६८ साली लॉकयर होता इंग्लंडात. ऑगस्टमधले ग्रहण जान्सेनने पाहिले, तेही गुंटूरला. लॉकयरने ऑक्टोबरात ग्रहणाशिवायच सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट टिपला. त्यातच ती हेलियमची पिवळी रेघ. दोघांची पत्रे पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली. आता जुंपणार म्हणावे, तर फ्रान्सने १८७२ साली दोघांचे चेहरे एकाच पदकावर कोरले! एकेका पत्रावर जन्माची ओळख झाली.

लॉकयर विजयदुर्गात आला तो १८९८च्या जानेवारीत, दुसऱ्या ग्रहणाला. आरमारातल्या खलाशांना त्याने इथे उपकरणे हाताळायला शिकवले. ही खरी गोष्ट काय कमी आहे?

हे सगळे मी 'मित्रा'ला सविस्तर कळवले. तत्काळ उत्तर आले : 'धन्यवाद! किती माणसे?'

पाच ग्रुपांतला मी. लिहिले, 'एकटाच.'