रसायनीची पांढरी पावडर आणि मुलींचे वयात येणे

मुलुंड-घाटकोपरकडून दिव्यामार्गे कोकणात जाणारी गाडी पनवेल सोडते आणि थोड्याच वेळात रसायनी नावाचे स्थानक मागे पडते. येथील सरकारी कारखान्यात डी.डी.टी. तयार होत असे. आजचा धागा त्या पांढऱ्या पावडरीविषयी.

१९४६ साली तेव्हाच्या मुंबई प्रांतातील कारवार आणि धारवाड जिल्ह्यांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली घरांच्या भिंतींवर डी.डी.टी. फवारण्यात आली. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाकाठी अंदाजे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई, आठ लाख दगावत. १९५३ मध्ये फवारणी राष्ट्रीय मोहीम झाली आणि १९६५ पर्यंत रुग्णसंख्या लाखाच्या आसपास उतरली. हे यश खरे होते. पुढचे वाचताना ते विसरू नये.

मात्र १९५० मध्येच अमेरिकेत बर्लिंग्टन आणि लिंडमन या संशोधकांनी कोंबड्याच्या नर पिल्लांना डी.डी.टी. टोचून पाहिली होती. पिल्लांचे तुरे खुरटले, वृषणे लहान राहिली. जणू त्यांना इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरकच दिले होते. इशारा छापून आला होता. कोंबड्यांचे ऐकतो कोण!

डी.डी.टी.चे शरीरात डी.डी.ई. बनते. ते चरबीत वर्षानुवर्षे साठते, वारेतून गर्भात आणि दुधातून तान्ह्या बाळात उतरते.

१९९१ साली स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या १०७ भारतीय मुलींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्या मुलींना ११.६ वर्षांच्या आतच पाळी आली होती. एकीला तर सातव्या वर्षानंतर लगेच. कुपोषणानंतर एकाएकी मिळालेला सकस आहार हे त्याचे एक स्पष्टीकरण. २००१ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी दुसरे मांडले. अकाली वयात आलेल्या, विकसनशील देशांतून आलेल्या बहुतेक मुलींच्या रक्तात डी.डी.ई. आढळले, तोच त्रास असलेल्या १५ स्थानिक मुलींपैकी १३ जणींच्या रक्तात ते सापडले नाही. अर्थात यावरून मुलगी कोणत्या मुलखातून आली एवढेच कळते, कारण सिद्ध होत नाही. म्हणून त्याच गटाने उंदरांच्या मादी पिल्लांना डी.डी.टी. दिली. २००७ च्या निष्कर्षानुसार ती लवकर वयात आली. माझ्या मते आहार आणि रसायन, दोन्ही कारणे विचारात घ्यावी लागतील.

१९८९ मध्ये भारताने शेतीतील डी.डी.टी.वर बंदी घातली. हिवताप आणि काळा आजार यांसाठी घरांच्या भिंतींवरील फवारणी मात्र त्यानंतरही चालू राहिली.