घाटात थांबायचं असतं

खंडाळ्याच्या घाटाचे रील तुम्हीही पाहिले असतील. पावसाळा, खाली उतरलेले ढग, नागफणीचा सुळका, मागे एखादं जुनं गाणं. असे दोन-तीन मीही टाकलेत. कारच्या खिडकीतून हा घाट मी शंभरेक वेळा पाहिला असेल. ट्रकच्या केबिनमधून पहिल्यांदा पाहिला तो गेल्या ऑगस्टमध्ये, मामांबरोबर.

मामा अठ्ठावीस वर्षं ट्रक चालवतात. त्या दिवशी कोल्हापूरहून साखर भरून न्हावा शेवा बंदराला निघाले होते. मी पुण्यात नोकरी करतो. मालवाहतुकीच्या गाड्या कुठे आहेत आणि कधी पोहोचतील हे सांगणारं सॉफ्टवेअर आमची कंपनी बनवते. चार वर्षं हे काम करूनही मी लोड असलेल्या ट्रकमध्ये कधी बसलो नव्हतो. खंबाटकीच्या बोगद्यातून पुढे आल्यावर मामांनी फोन केला, "येतोस काय? वाकडला थांबतो." मी गेलो.

केबिन उंच असते. कारमधून जो कठडा दरी झाकतो, तो ट्रकमधून खाली राहतो. लोणावळा सोडलं आणि उजवीकडे दरी उघडली. पलीकडे राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले ढगातून वर आलेले. मी फोन काढला. मामांनी तिकडे मानही वळवली नाही.

"चढताना बघतो की," ते म्हणाले. "रिकामी गाडी वर येताना निवांत बघायला मिळतंय. कुठला धबधबा कधी सुरू होतो, सगळं ठावं हाय मला. उतरताना न्हाई. उतरताना फक्त गाडीकडं कान."

मी मनातल्या मनात हिशोब केला. गाडी आणि माल मिळून 35 टन. लोणावळ्यापासून खोपोलीपर्यंत उतार सुमारे 550 मीटर. वस्तुमान गुणिले गुरुत्वाकर्षण गुणिले उंची. उत्तर आलं जवळपास 52 युनिट वीज. माझ्या फ्लॅटला अर्धा महिना पुरेल एवढी ऊर्जा अर्ध्या-पाऊण तासात कुठेतरी जायला हवी. ड्रायव्हरने खालचा गिअर धरला, तर तिचा मोठा भाग इंजिन पेलतं. उरलेली ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन साठते. ड्रम फार तापले, की लाइनरची पकड सुटत जाते. पाय दाबलेला असतो आणि गाडी ऐकत नसते. डिझेल वाचवायला कुणी न्यूट्रलमध्ये गाडी सोडली, तर सगळा भार ब्रेकवरच येतो. घाटातल्या कितीतरी अपघातांची गोष्ट एवढीच असते.

म्हणून मामांचा नियम साधा आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. आणि मध्ये थांबायचं.

हे थांबणं किती जुनं आहे, ते मी नंतर वाचत गेलो.

सह्याद्री ओलांडण्याच्या सर्वात जुन्या वाटांपैकी एक म्हणजे जुन्नरजवळचा नाणेघाट. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवरचा माल याच वाटेने देशावर यायचा. माथ्यावरच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी शिलालेख आहे. त्यात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे कोरलेत आणि भारतातल्या सर्वात जुन्या अंकलेखनांपैकी ते एक मानले जातात. बाहेर दगडी रांजण आहे, तो जकातीचा, असं परंपरा सांगते. पण ट्रेकला गेलो होतो तेव्हा मी ज्याकडे लक्षच दिलं नव्हतं, ती गोष्ट म्हणजे आजूबाजूची खोदलेली पाण्याची टाकी. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी ही वाट बांधली, त्यांनी चढून दमलेल्या माणसा-जनावरांना थांबावं लागणार हे धरूनच ती बांधली.

बोरघाटाचंही तसंच. हा घाट फार काळ चाकांचा नव्हताच. मीठ खालून वर जायचं, धान्य वरून खाली यायचं, ते बैलांच्या पाठीवर. 1804 मध्ये आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनने, लष्करासाठी वाट सुधारून घेतली. तरीही 1825 मध्ये बिशप हेबर इथून गेले, तेव्हा चढ इतका उभा होता की माणसं पायी किंवा घोड्यावर जात आणि माल बैलांवर, घोड्यांवर. बैलगाडी चढू शकेल असा रस्ता झाला 1830 मध्ये, मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात. आज आपण ज्याला जुना हायवे म्हणतो, त्याचा हा पूर्वज.

मग रेल्वे आली. 1856 मध्ये रूळ मुंबईकडून खोपोलीपर्यंत पोहोचले आणि 1858 मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट तसाच राहिला. पाच वर्षं प्रवासी खाली गाडीतून उतरत, पालखीने किंवा तट्टावर घाट चढत आणि वर दुसऱ्या गाडीत बसत. आज खोपोली ते कुसगाव बोगद्यांच्या प्रकल्पाला आपण 'मिसिंग लिंक' म्हणतो. पहिली मिसिंग लिंक ती होती.

ती भरायला 1863 उजाडलं. 25 बोगदे, कातळातून काढलेले मार्ग, दऱ्यांवरचे पूल. 1861 च्या सुमारास एका वेळी 42 हजार मजूर इथे काम करत होते. कॉलरा, ताप, सुरुंग आणि कडे यांनी हजारो माणसं मारली. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुढे नेला. तिचं नाव नोंदीत आहे. मजुरांची नाहीत.

त्यांच्यापैकी एकाचं नाव लोकांनी ठेवलं, ते दंतकथेत. शिंग्रोबा हा धनगर. साहेबांना वाट सापडेना, ती त्याने दाखवली. बक्षीस काय हवं विचारल्यावर त्याने देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि साहेबांनी त्याला मारलं, असं सांगतात. कागद याला साक्ष देत नाहीत. पण घाट कसा चढायचा हे गुरं घेऊन फिरणाऱ्यांना इंजिनिअरपेक्षा आधी माहीत असणार, यात मला तरी शंका नाही.

रेल्वेच्या या घाटात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिथे थांबणं रुळांतच बसवलेलं होतं. मधल्या रिव्हर्सिंग स्टेशनवर गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेने निघायची. 1929 मध्ये नवीन मार्गाने ते टाळलं गेलं. पण उतारावर चढणीला वळवलेले छोटे फाटे, म्हणजे कॅच सायडिंग, राहिले. त्यांचे सांधे मुळातच त्या फाट्याकडे लावलेले असतात. गाडी ठरल्या जागी थांबली, म्हणजे ब्रेक शाबूत आहेत हे सिद्ध झालं, की मगच तिला पुढची वाट मिळते. न थांबलेली गाडी चढावर जाऊन अडकते. आमच्या भाषेत सांगायचं तर डिफॉल्ट व्हॅल्यू 'थांब' आहे. चालायचं असेल तर आधी थांबून दाखवा.

रस्त्यावर मात्र आपण उलटं केलं. 2002 मध्ये मुंबई-पुणे एक्सप्रेसवे पूर्ण सुरू झाला, आणि वेळ हीच घाटाची ओळख झाली. 1830 चा अमृतांजन पूल वाहतुकीच्या आड येतो म्हणून एप्रिल 2020 मध्ये, लॉकडाउनने रस्ते रिकामे असताना, स्फोटकांनी पाडला. तो पाडायला हवा होता, त्याच्या खांबांमध्ये गाड्या अडायच्या. मी एवढंच म्हणतोय की अडणं आणि थांबणं यातला फरक आपण विसरलो.

त्या दिवशी मामांनी खोपोलीच्या बाजूला, शिंग्रोबाच्या देवळाजवळ मोकळ्या जागेत गाडी घेतली. चाकापुढे लाकडी ठोकळा लावला. देवळात नाणं टाकलं. मग एकेका चाकाजवळ जाऊन तळहात लांबूनच धरत ड्रमची धग पाहिली. वास येत होता, तापलेल्या लाइनरचा. मागच्या डाव्या चाकाजवळ ते जरा जास्त वेळ उभे राहिले.

"वीस मिनिटं," म्हणाले.

तेराव्या मिनिटाला त्यांचा फोन वाजला. ट्रान्सपोर्टवाल्याच्या अ‍ॅपचा संदेश: अनधिकृत थांबा, कारण द्या. खाली चार पर्याय. जेवण, डिझेल, बिघाड, वाहतूक कोंडी. मामांनी सवयीने 'वाहतूक कोंडी' दाबलं.

"महिन्याला तीन झाले की ट्रिपमागं पैसे कापतात," ते म्हणाले, तक्रारीच्या सुरात नव्हे. "नवीन पोरं म्हणून थांबत न्हाईत."

ते अ‍ॅप आमच्या कंपनीचं नव्हतं. पण हाच नियम आमच्याकडे मी लिहिला होता. बारा मिनिटांपेक्षा जास्त थांबा, इंजिन बंद, ठिकाण यादीत नाही, म्हणून अलर्ट. लिहायला एक दुपार लागली होती. चाचणी घेतली तेव्हा नकाशा सपाट होता.

मी मामांना ते लगेच सांगितलं नाही. पनवेलला चहा घेताना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग तुला पाचवं बटण टाकता येईल की."

सोमवारी मी ऑफिसात ते मांडलं. डेटा काय सांगतो, असं विचारलं गेलं. डेटामध्ये घाटातले सगळे थांबे 'वाहतूक कोंडी' होते, रात्री तीनला, पूर्ण रिकाम्या रस्त्यावरसुद्धा. मी 52 युनिटांचा हिशोब दाखवला. बराच खल झाला. शेवटी पाचवं बटण मिळालं, 'ब्रेक थंड करणे', आणि त्याचे पैसे कापले जाणार नाहीत एवढं कबूल झालं. सध्या फक्त बोरघाटापुरतं.

बाकी घाटांची यादी मी मामांकडून करून घेतोय. कसारा, आंबा, करूळ, कुंभार्ली. कुठल्या वळणानंतर गाडी सुरक्षित उभी राहते, कुठे जागाच नाही, कुठे पाणी मिळतं. ते रिकामी गाडी घेऊन घाट चढत असले की फोन करतात. मागून इंजिनाचा आवाज येत असतो, ते सांगतात आणि मी नकाशावर टिंब लावतो. परवा कुंभार्लीतून बोलता बोलता मध्येच थांबले.

"काय झालं?"

"काही न्हाई. धबधबा सुरू झालाय बघ, यंदा लवकरच."