चौऱ्याऐंशी घरांचे दोन पट



पर्युषण-दशलक्षण जवळ आलं की आपल्या महिला मंडळात एक प्रश्न हमखास निघतो. मुलं लुडो, सापशिडी खेळतात, ते या दिवसांत चालेल का? फासा आला म्हणजे जुगार आलाच ना? सप्तव्यसनांत जुगाराचा नंबर पहिला, तेव्हा आईआजीला ही काळजी वाटणं साहजिक आहे. या प्रश्नाचं उत्तर मला दोन जुन्या पटांच्या इतिहासात सापडलं. एक पट आपला, ज्ञानबाजीचा. दुसरा लंडनचा, १७९० सालचा. दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही, पण दोन्हींत घरं चौऱ्याऐंशी!

आधी आपला पट पाहू. ज्ञानबाजीला ज्ञानचौपड असंही म्हणतात. गुजरात-राजस्थानात, मुख्यतः श्वेतांबर घरांमध्ये, ती पर्युषणात खेळायची चाल होती. म्हणजे आपण ज्या दिवसांत खेळ चालेल का म्हणून विचारतो, त्याच दिवसांत हा पट मुद्दाम काढला जाई. कापडावर किंवा जाड कागदावर हातानं रंगवलेला पट, खेळायला कवड्या किंवा फासे. खालच्या ओळींत नरक, मध्ये मनुष्यलोक, वर देवलोक आणि माथ्यावर सिद्धशिला. मंदिराच्या भिंतीवर लोकपुरुषाचं चित्र असतं ना, तेच जणू जमिनीवर अंथरून सोंगट्या फिरवायला दिलंय. प्रत्येक घरात काहीतरी लिहिलेलं असतं. पुण्याच्या घरातून शिडी वर जाते, पापाच्या घरातून साप खाली आणतो. चौऱ्याऐंशी म्हटलं की आपल्याला चौऱ्याऐंशी लक्ष योनी आठवणारच. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असा जैन पट आहे.

हा खेळ फक्त आपलाच होता असं नाही. वैष्णवांचे बहात्तर घरांचे पट आहेत, सूफींचे शंभराच्या वर घरांचे आहेत. आपल्या महाराष्ट्रात तो मोक्षपट म्हणून ओळखला जातो आणि ज्ञानेश्वर माउलींनी तो रचला अशी श्रद्धा आहे. हाती असलेले पट मात्र बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले आहेत. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन म्युझियमचे अँड्र्यू टॉप्सफील्ड यांनी १९८५ मध्ये या सगळ्या पटांवर मोठा लेख लिहिला, तेव्हापासून अभ्यासकांचं लक्ष त्यांच्याकडे अधिक गेलं.

शिड्या-सापांची ही कल्पना आपल्या मुलांना समजायला मुळीच अवघड नाही, कारण गुणस्थानांची चढण अशीच आहे. स्वाध्यायाला बसणाऱ्यांना माहीत आहे, आठव्या गुणस्थानापासून दोन श्रेणी निघतात. कषाय नुसते दाबत गेलेला जीव अकराव्यापर्यंत पोचतो, आणि तिथून खाली येतोच. कषायांचा क्षय करत गेलेला जीव अकराव्याला न शिवता दहाव्यावरून थेट बाराव्यावर जातो, त्याला पडणं नाही. दुसरं गुणस्थान, सासादन, तर चढताना लागतच नाही. सम्यक्त्वावरून घसरतानाच ते भेटतं. पुस्तकात हे वाचताना मुलं जांभया देतात. पण बोटानं सोंगटी सरकवताना "अकराव्यावर पोचूनही का पडलो?" असं ती आपणहून विचारतात.

आता लंडनला जाऊ. तिथल्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या आवारात पुस्तकांची दुकानं दाटीनं होती. त्यांतलं एक एलिझाबेथ न्यूबेरी हिचं. १७८० मध्ये नवरा वारला आणि या बाईनं दुकान बंद न करता पुढची वीसेक वर्षं मुलांची पुस्तकं छापून चालवलं. १७९० मध्ये तिनं आणि नकाशे-खेळ विकणाऱ्या जॉन वॉलिस यानं मिळून एक पट काढला, नाव 'मानवी जीवनाचा नवा खेळ'. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं, ती कापडावर चिकटवलेली, म्हणजे घडी घालून कपाटात ठेवता येतील अशी. माणसाच्या आयुष्याच्या सात अवस्था, प्रत्येकीला बारा घरं, सात बारे चौऱ्याऐंशी. शेवटच्या घरात अमर पुरुष, आणि तो म्हणून चित्र न्यूटनचं!

नियम वाचताना हसू येतं. सातव्या घरातला अभ्यासू मुलगा थेट बेचाळिसाव्या घरी वक्ता होतो. प्रेमकथा लिहिणारा चाळिसाव्या घरावरून पाचव्यावर, खोडकर पोराच्या घरी परत जातो. चौतिसावं घर लग्न झालेल्या माणसाचं. त्याला बायकोचा हुंडा म्हणून दोन नाणी मिळतात आणि तो छप्पन्नाव्या घरी चांगला बाप होतो. पट विकणारी बाई, आणि त्या नियमात बायको आली ती फक्त हुंड्याच्या रूपानं!

पण आपल्या प्रश्नाला लागू पडतो तो वेगळाच नियम. त्या पटावर फासा चालत नसे. सभ्य घरात फाशांची डबी शिरू नये म्हणून आकडे लिहिलेली भिंगरी फिरवायची. बरं वाटलं ना वाचून? पण पुढे पाहा. प्रत्येक खेळाडूनं बारा नाणी घेऊन बसायचं, चुकीच्या घरात गेलं की दंड मध्ये टाकायचा, काही घरांत त्यातून बक्षीस घ्यायचं. म्हणजे फासा दाराबाहेर ठेवला आणि डावावर लावायचा पैसा घरात घेतला. आपल्या ज्ञानबाजीत याच्या अगदी उलट आहे. फासा आहे, कवड्या आहेत, पण पैसा ठेवायला जागाच नाही. जिंकलेल्याला मिळते ती सिद्धशिला, आणि ती दुसऱ्याच्या खिशातून येत नाही.

मी कॉमर्सची, म्हणून माझं मन हिशोबाकडे जातं. एकाचा नफा म्हणजे दुसऱ्याचा तोटा, असा ताळेबंद जिथे असतो तो जुगार. कवडी उलटी पडते की सुलटी, यात दोष नाही.

पुढे काय झालं, तेही सांगते. लंडनमध्येच १८०० च्या सुमारास लॉरी आणि व्हिटल या प्रकाशकांनी 'सुखाचा वाडा' नावाचा, सद्गुण-दुर्गुणांची घरं असलेला पट काढला. अमेरिकेत सेलम गावच्या आइव्ह्ज या स्टेशनरीवाल्यांनी १८४३ मध्ये तो पुन्हा छापला. ही सगळी लहान दुकानं, पण घराघरात काय लिहायचं याचा विचार त्यांनी केला होता. एकोणिसावं शतक संपता संपता आपली सापशिडी इंग्लंडला पोचली. सुरुवातीच्या इंग्रजी पटांवर कष्ट, काटकसर, आळस, अवज्ञा अशी नावं होती. मग खेळ मोठ्या बाजारात गेला आणि नावं गळत गेली. आज आपल्या दुकानात एका बाजूला लुडो, दुसऱ्या बाजूला सापशिडी असा जो पट मिळतो, त्यावर एक ते शंभर आकडे असतात. साप का चावला, ते कुठेच लिहिलेलं नसतं.

नाव गेलं की उरतं नुसतं नशीब, आणि नुसत्या नशिबावर पैसा लावायला वेळ लागत नाही. मोबाइलवर पैशांचे खेळ इतके वाढले की ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला त्यांच्यावर बंदीचा कायदा करावा लागला. कायदा त्याचं काम करील. घरातलं काम आपलं.

म्हणून यंदा एक करून पाहा. एक मोठी कार्डशीट आणा आणि चौऱ्याऐंशी घरं आखा. चार मोठे साप काढा: क्रोध, मान, माया, लोभ. त्यांच्यासमोर चार शिड्या: क्षमा, मार्दव, आर्जव, शौच. बाकीच्या घरांची नावं मुलांनाच सुचवू द्या. खोटं बोलण्याचा साप किती लांब हवा, यावर त्यांना भांडू द्या. साप काळे-भेसूर मात्र काढू नका, पार्श्वनाथांच्या डोक्यावर फणा धरणाराही नागच आहे. कवड्या नसतील तर चिंचोके घ्या. आणि पैसे? एक रुपयाही नको.