नर्मदा परिक्रमा पायी करायची आहे? मग कोणता ऑनलाइन नकाशा वापरायचा, समजून घ्या

अमरकंटकला उगम पावणारी नर्मदा १,३१२ किलोमीटर वाहत भरूचजवळ खंभातच्या आखाताला मिळते. तिच्या दोन्ही तटांवरून पायी परिक्रमा करायची, तर साधारण २,६०० किलोमीटर चालावं लागतं. परंपरेचा नियम असा, की नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि मुख्य पात्र मध्येच कुठेही ओलांडायचं नाही.

महाराष्ट्रातून दरवर्षी अनेक जण या वाटेवर निघतात आणि आता जवळपास प्रत्येकाच्या झोळीत स्मार्टफोन असतो. पण ‘कोणतं ॲप सगळ्यात चांगलं?’ हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. मार्ग आखणं, तो खरा आहे का ते तपासणं आणि चालताना सोबत ठेवणं ही तीन वेगळी कामं आहेत. प्रत्येकासाठी साधन वेगळं लागतं.

गुगल मॅप्स पुरेसं नाही का?

मुक्कामाचं गाव, दवाखाना, एटीएम, बस स्टँड शोधायला गुगल मॅप्स उत्तम. अडचण येते ती रस्ता विचारल्यावर. कोणतंही ॲप सोयीचा आणि जवळचा रस्ता शोधतं. नदी ओलांडायची नाही, हे त्याला माहीत नसतं. पलीकडून जाणारा रस्ता जवळचा असेल, तर ते तुम्हाला खुशाल पुलावरून नेईल.

उदाहरण घ्या. दक्षिण तटाने चालताना तुम्ही ‘भरूच’ टाकलंत, तर ॲप कुठल्या तरी पुलावरून पलीकडे नेणारच, कारण भरूच उत्तर तटावर आहे. परिक्रमावासी मात्र दक्षिण तटाने समुद्रापर्यंत जातात आणि विमलेश्वरहून नावेने मिठी तलाईला उतरतात. ही नाव भरती-ओहोटी पाहून सुटते. तिची वेळ ॲपमध्ये नाही, विमलेश्वरलाच कळते.

दुसरी गोष्ट ऑफलाइन नकाशाची. गुगल मॅप्सचा नकाशा डाउनलोड करून ठेवला, तरी इंटरनेटशिवाय त्यात गाडीचा रस्ता मिळतो, पायी जाण्याचा नाही.

मग मार्ग आखायचा कुठे?

त्यासाठी ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी साधनं बघा. २००४ साली सुरू झालेला हा नकाशा जगभरातले स्वयंसेवक मिळून तयार करतात. त्यात गाडीरस्त्यांबरोबर पायवाटाही असतात. जीपीएक्स स्टुडिओ किंवा बीराउटरसारख्या मोफत वेबसाइटवर तुम्ही नकाशावर एकेक बिंदू देत मार्ग काढू शकता. दर काही किलोमीटरवर आपल्याच तटावरचं गाव बिंदू म्हणून दिलं, की मार्ग पलीकडे पळत नाही. आखून झाल्यावर नकाशा मोठा करून प्रत्येक पूल तपासा. उपनद्यांवरचे पूल चालतील, नर्मदेवरचा नको.

एक खबरदारी घ्या. जिथे स्वयंसेवक पोहोचले नाहीत, तिथली वाट नकाशात नसते. नकाशावर वाट दिसत नाही म्हणजे ती जमिनीवर नाही, असं समजू नका.

याच साधनांत चढ-उताराचा आलेखही दिसतो. तो दुर्लक्षू नका. १८९२ साली स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी दिलेला ठोकताळा आजही वापरतात: ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. पाठीवर ओझं आणि डोक्यावर ऊन असेल, तर वेळ याहून जास्त धरा.

धरणांमुळे काय बदललं?

पुष्कळ काही. बरगी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर आणि सरदार सरोवर या धरणांच्या फुगवट्याखाली जुन्या वाटा गेल्या. इंदिरा सागरच्या पाण्यात २००४ साली हरसूद हे अख्खं गाव गेलं. जुन्या नकाशावर मात्र ते अजून जागच्या जागी आहे.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे विभागाच्या पोर्टलवर नोंदणी करून मिळतात. त्यात १ सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर. टेकड्या, नाले, समान उंचीच्या रेषा समजून घ्यायला ते फार उपयोगी. पण वापरण्याआधी पत्रकावर छापलेलं सर्वेक्षणाचं वर्ष पाहा.

सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर. पाणी पावसाळ्यानंतर चढतं आणि उन्हाळ्यात उतरतं, त्यामुळे नंदुरबारच्या सीमेवरच्या शूलपाणी झाडीत काठही सरकतो. इथे उपग्रहाचं ताजं छायाचित्र कामी येतं. कोपर्निकस ब्राउझर या मोफत वेबसाइटवर सेंटिनेल-२ उपग्रहांची छायाचित्रं साधारण दर पाच दिवसांनी येतात. ढग नसतील, तर पाणी कुठवर आहे ते कळतं. पायवाट मात्र त्यात दिसणार नाही, कारण त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर.

नेटवर्क नसेल तेव्हा?

फोनच्या जीपीएसला नेटवर्क लागत नाही, नकाशा आधीच फोनमध्ये असावा लागतो. ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमँड या ॲपमध्ये मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि गुजरातचे नकाशे घरूनच उतरवून घ्या. आखलेला मार्ग जीपीएक्स फाइल म्हणून त्यात टाका. सगळा मार्ग एकाच फाइलमध्ये ठेवण्यापेक्षा आठवड्याच्या चालीचे तुकडे करा. वाट बदलावी लागली, तर एकच तुकडा नव्याने आखावा लागेल.

निघण्याआधी हे तपासा

- ॲप इंटरनेटशिवाय पायी जाण्याचा मार्ग दाखवतं का? फोन फ्लाइट मोडवर टाकून घराजवळच चालून पाहा.
- आखलेला मार्ग जीपीएक्स फाइल म्हणून बाहेर काढता येतो का? येत नसेल, तर त्या ॲपवर अवलंबून राहू नका.
- मार्ग गावांतून जातो का? जवळचा पण निर्मनुष्य रस्ता उपयोगाचा नाही. पाणी, सदाव्रत आणि मुक्काम गावात आणि आश्रमातच मिळतो.
- पुढच्या दहा-बारा गावांची नावं कागदावर लिहिली आहेत का? बॅटरी संपली, तर त्या नावांवरून वाट विचारता येते.

आणि रोज संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी उद्याची वाट विचारा. नाल्याला पाणी आहे का, काठाची वाट खचली आहे का, हे तिथल्या माणसांना ठाऊक असतं. त्यांचं सांगणं आणि ॲपवरची रेघ जुळली नाही, तर त्यांचं ऐका आणि रेघ बदला.