स्पॅनिश क्रियारूपांतील बलाघात आणि 'द'काराचा लोप

मराठीत बलाघाताने शब्दाचा अर्थ पालटत नाही. स्पॅनिशमध्ये 'कान्तो' हेच रूप आद्याघाताने 'मी गातो' आणि अंत्याघाताने 'त्याने गायिले' असा अर्थ देते. परंतु मध्ययुगीन कॅस्टिलियन हस्तलिखितांत आघाताचे चिन्ह नसे. त्यामुळे तो कोणत्या अक्षरावर पडत होता हे ठरविण्यास आडवाटेचा पुरावा शोधावा लागतो. द्वितीयपुरुषी अनेकवचनाच्या इतिहासात असा एक पुरावा सापडतो.

लॅटिनमध्ये अपूर्ण भूतकाळाच्या एकवचनात, उदाहरणार्थ कान्-ता-बात् ('तो गात होता') या रूपात, आघात 'ता'वर असे. कान्-ता-बा-तिस् ('तुम्ही गात होता') या अनेकवचनात तो उपान्त्य 'बा'वर सरके. इटालियनने हा भेद आजही राखला आहे. कॅस्टिलियनने मात्र एकवचनाच्या सादृश्याने आघात सर्वत्र 'ता'वर स्थिर केला आणि कान्-ता-बा-देस् हे रूप सिद्ध झाले. वर्तमानकाळात हेच सादृश्य निष्प्रभ ठरले: क्वेन्-तो ('मी सांगतो') येथे आघात पहिल्या अक्षरावर, तर कोन्-ता-मोस् ('आम्ही सांगतो') येथे दुसऱ्यावर. सादृश्याला ध्वनिनियमाची सार्वत्रिकता नसते, ती अशी.

हे स्थित्यंतर केव्हाचे? येथे 'द'कार साक्षीला येतो. वर्तमानकाळी कान्-ता-देस् या रूपात आघातयुक्त अक्षर 'द'च्या लगत आधी होते. तेथील 'द' चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून गळू लागला व पंधराव्या शतकात कान्-ताइस् रूढ होत गेले. कान्-ता-बा-देस् मधील 'द' मात्र सतराव्या शतकापर्यंत टिकला. सेर्वान्तेसच्या 'दोन किहोते'च्या १६०५ च्या भागातही अशी 'द'युक्त रूपे आढळतात. कोलंबियन पंडित रुफिनो होसे कुएर्वो यांनी १८९३ साली या अनेकवचनी रूपांचा सविस्तर परामर्श घेतला. आघात जर लॅटिनप्रमाणे 'बा'वरच राहिला असता, तर हे रूपही कान्-ता-देस् बरोबरच झिजले असते. ते झिजले नाही. म्हणजे 'द' गळू लागण्यापूर्वीच आघात मागे सरकला होता. निष्कर्ष अप्रत्यक्ष आहे खरा, पण निव्वळ अनुमानापेक्षा पुष्कळ भक्कम आहे.

पुढे तोही 'द' गेला आणि चार अक्षरांचे रूप तीन अक्षरांचे झाले: कान्-ता-बाइस्. 'आइ' हा संयुक्त स्वर एकाच अक्षरात मोडतो; त्यामुळे आघात जागचा न हलताही उपान्त्य ठरला. म्हणून आजच्या लेखनात या रूपावर आघातचिन्ह येत नाही, आणि अंत्याघाती कान्-ताइस् वर मात्र द्यावे लागते.