चिलीतला गेज

मेंदूच्या पुढच्या भागाला मार लागलेल्या रुग्णांकडून मी रोजची कामं पुन्हा करवून घेते. आमच्या अभ्यासात फिनिअस गेज पहिल्याच वर्षी भेटतो, पण अर्धाच. याचा मला आजही राग येतो.

गेज अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये रेल्वेसाठी खडक फोडणाऱ्या टोळीचा मुकादम होता, वय २५. खडकात भोक पाडायचं, दारू आणि वात घालायची, वर वाळू ओतून पहारीनं ठासायचं. १३ सप्टेंबर १८४८ ला कॅव्हेंडिश गावाजवळ त्याची नजर क्षणभर मागच्या माणसांकडे वळली, आणि सुरुंग उडाला. साडेतीन फुटांहून लांब, सहा किलोंची पहार डाव्या गालाखालून शिरली आणि कवटीच्या माथ्यातून बाहेर पडली. तो बैलगाडीत ताठ बसून गावात आला! पुढे जखम चिघळली, डॉ. जॉन हार्लो यांनी पू काढून त्याला वाचवलं.

पण मुकादमकी परत मिळाली नाही. हार्लो यांनी १८६८ मध्ये लिहिलं की तो शिवराळ, हट्टी झाला होता, बेत आखायचा आणि लगेच सोडून द्यायचा. पाठ्यपुस्तकं सहसा इथंच थांबतात.

१८५२ मध्ये गेज चिलीला गेला आणि वालपरायझो–सँतियागो रस्त्यावर कित्येक वर्षं सहा घोड्यांची प्रवासी गाडी हाकत राहिला. परकी भाषा, उतारू, सामान, सहा जनावरांचे लगाम. ज्याला पुढचा विचारच करता येत नाही, त्याच्या हातात असली गाडी कोण देईल? मानसशास्त्रज्ञ माल्कम मॅकमिलन यांनी हा काळ खणून काढला. कामाच्या ठरलेल्या क्रमानंच त्याला सावरलं असावं, असं ते मांडतात. मला ते पटतं, कारण तेच मी रोज बघते. चहा करायला सांगितलं तर रुग्ण पातेलं, साखर, पावडर सगळं ओळखतो. पण पाणी न घालताच गॅस पेटवतो. ओट्यासमोर पायऱ्या लिहून लावायच्या, रोज त्याच वेळी त्याच क्रमानं करून घ्यायचं. काही आठवड्यांनी कागदाकडे बघणं कमी होतं.

झटके येऊन १८६० मध्ये गेज सॅन फ्रान्सिस्कोजवळ वारला. दुखापत बरी झाली होती असं मी म्हणत नाही. “पूर्वीसारखे होतील ना?” असं घरचे विचारतात, तेव्हा मी होकार देत नाही. चिलीची हकिगत सांगते, आणि मग उद्या सकाळी उठल्यावर पहिलं काम कोणतं, ते आम्ही मिळून ठरवतो.